फ्लिपर्सची ४७ वर्षं: बँडची कमाई की निर्मात्यांची?

खर्ज

जर्मन श्लागरचा विषय निघाला की ‘डी फ्लिपर्स’ना निर्मात्यांनी उभं केलेलं त्रिकूट म्हणून बाजूला सारलं जातं. मला हे मुळीच पटत नाही, म्हणून हा धागा. (श्लागर म्हणजे जर्मन भाषेतलं सोप्या चालीचं, पहिल्याच ऐकण्यात तोंडात बसणारं गाणं.)

१९६४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्या क्निटलिंगेन या छोट्या गावात ‘डान्सिंग शो बँड’ या नावानं ही मंडळी वाजवू लागली. दंतकथेतल्या जादूगार डॉक्टर फाउस्टचा जन्म जिथं झाला असं मानतात, तेच हे गाव. ‘फ्लिपर्स’ हे नाव १९६९ चं, आणि त्याच वर्षी ‘वाइने निश्त, क्लाइने एफा’ गाजलं. शेवटचा कार्यक्रम मार्च २०११ मध्ये मानहाइमच्या एसएपी अरेनात झाला.

रेकॉर्ड गाजण्याआधीची पाच वर्षं नाचाच्या कार्यक्रमांत गेली, ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. नाचासाठी वाजवणाऱ्या बँडची परीक्षा टाळ्यांवर होत नाही. जोड्या जमिनीवर टिकतात की खुर्च्यांकडे वळतात, यावर होते. सुरुवातीचा तुकडा चार किंवा आठ मात्राखंडांचा (मात्राखंड म्हणजे बार, सहसा चार मात्रांचा), म्हणजे जोडीला हात धरून उभं राहायला पुरेल इतका. लय मधे हलायची नाही. आवाज वाद्यांच्या पुढे. कोरस मिनिटाच्या आत. फ्लिपर्सची कुठल्याही दशकातली गाणी लावा, हे सगळं जागच्या जागी सापडतं. कुठल्या निर्मात्यानं शिकवण्याच्या आधीपासून त्यांना ते येत होतं.

दुसरी बाजू

असहमत. ४७ वर्षं ही बेरीज फसवी आहे, कारण त्यात दोन वेगळ्या कारकिर्दी आहेत.

पहिली १९६९ पासून सत्तरच्या दशकात विरत जाणारी. दुसरी १९८६ च्या ‘डी रोटे झोने फॉन बार्बाडोस’पासून शेवटपर्यंत. मधल्या काळात डिस्को आलं. मग १९८०-८३ च्या सुमारास ‘नॉये डॉइचे वेले’ची लाट आली आणि तरुणांना जर्मन शब्दांतलंच, पण तिरकस आणि कोरडं गाणं मिळालं. त्यापुढे जुनं श्लागर एकदम आजोबांच्या काळातलं वाटू लागलं. फ्लिपर्स त्या लाटेतून आपल्या बळावर बाहेर आले नाहीत. १९८५ च्या सुमारास बँड तिघांवर आला: ओलाफ मालोलेप्स्की, बर्न्ड हेंग्स्ट आणि ड्रमवरचे मानफ्रेड डुर्बान. गाणी उवे बुसे आणि कार्लहाइन्झ रुप्रिख यांच्याकडून येऊ लागली. गिटार, बास, ड्रम एवढंच रंगमंचावर असेल, तर रेकॉर्डवरचे तंतुवाद्यांचे थर आणि सिंथेसायझर कोण वाजवतंय? दुसरी कारकीर्द स्टुडिओची आहे. तिघांचे चेहरे आणि एक मऊ आवाज, एवढाच बँडचा वाटा.

पांढरी पाच

दोघंही चालीबद्दल बोलत नाही आहात, म्हणून थोडं स्वरांकडे.

शेवटचा कोरस अर्ध्या स्वरानं वर उचलण्याला जर्मन लोक ‘र्‍युकुंग’ म्हणतात. आपल्या पेटीच्या भाषेत, गाणं पांढरी पाचमध्ये चाललंय आणि शेवटचा कोरस काळी चारमध्ये सुरू होतो. दोन पद्धती आहेत. एकीत नव्या पट्टीच्या पंचमावरची सप्तमयुक्त कॉर्ड एक-दोन मात्रा आधी वाजते आणि कान तयार होतो. दुसरीत काही न सांगता थेट उडी. नाचाच्या गाण्यात थेट उडी जास्त चालते, कारण तयारीच्या मात्रा घातल्या तर खालची पावलं अडखळतात.

बिघडतं ते इथं: कोरसचा सर्वांत वरचा स्वर आधीच गायकाच्या मर्यादेला टेकलेला असेल, तर उडीनंतर आवाज चिरका होतो. म्हणून कडवं मुद्दाम खाली ठेवतात आणि कोरसचा वरचा स्वर गायकाच्या कमाल स्वरापेक्षा किमान दोन अर्धे स्वर खाली. मालोलेप्स्कींचा आवाज हलका, जोर न लावणारा, त्यामुळे त्यांच्यासाठी ही जागा आणखी महत्त्वाची. गिटारवाल्याचीही पंचाईत असते. पांढरी पाचमध्ये मोकळ्या तारांच्या कॉर्ड मिळतात, काळी चारमध्ये सगळ्या बोट आडवं दाबून धरायच्या. रात्रभर हे वाजवणारा हात तयार असावा लागतो. गाणं लिहिणाऱ्याला ते फुकट मिळत नाही.

दुसरी बाजू

@पांढरी पाच, माहिती उत्तम, पण ती माझ्याच बाजूची आहे. कडवं किती खाली ठेवायचं, उडी कुठं घ्यायची, हे ठरवतो संगीतसंयोजक. हात तयार असलेला गिटारवाला जर्मनीत शेकड्यांनी मिळेल.

शिवाय टीव्हीवर हात वाजवत नव्हते. जानेवारी १९६९ मध्ये सुरू झालेल्या झेडडीएफ या जर्मन टीव्ही वाहिनीच्या ‘हिटपाराडे’त अर्धा प्लेबॅक होता, वाद्यं टेपवर आणि गाणं प्रत्यक्ष. लोकसंगीताच्या मोठ्या कार्यक्रमांत पुढे सर्रास पूर्ण प्लेबॅक आला, म्हणजे आवाजही टेपवर. फ्लिपर्सची दुसरी कारकीर्द याच पडद्यावर वाढली.

खर्ज

अर्धा प्लेबॅक सोपा असतो, हा मोठा गैरसमज आहे. टेप थांबत नाही. जिवंत बँड गायकाची चूक झाकतो, एक मात्राखंड जास्त वाजवून त्याला परत आत घेतो. टेपवर एकदा प्रवेश चुकला की पुढची ओळ येईपर्यंत गायक उघडा पडतो. मोठ्या दालनात मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज उशिरा येतो. समोरचा मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेला स्पीकर, मंद असेल, तर गायक त्या उशिरा आलेल्या आवाजाला धरून हळूहळू मागे पडतो. दिवे, कॅमेरा आणि ठरलेली पावलं सांभाळून सुरात नि वेळेत राहणं हे नाचाच्या कार्यक्रमांत घोटलेल्या माणसाचंच काम.

हिशेबनीस

चर्चेत सोन्याच्या रेकॉर्ड येतीलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो: आकडे मोजताना वर्ष बघा. जर्मनीत सोन्याच्या अल्बमसाठी सप्टेंबर १९९९ पर्यंत २,५०,००० प्रती खपाव्या लागत. मग ती मर्यादा १,५०,००० झाली आणि २००३ मध्ये १,००,०००. त्यामुळे नव्वदच्या सुरुवातीचं एक सोनं २००५ च्या दोन सोन्यांपेक्षा जड असू शकतं. ‘अमुक कलाकाराला फ्लिपर्सपेक्षा जास्त सोनं’ असल्या तुलना यात हमखास घसरतात.

दुसरं, पैसा कोणाकडे जातो हा मुद्दा ‘दुसरी बाजू’ यांनी अर्धाच सूचित केलाय. गेमा ही संस्था गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांचे पैसे गोळा करते. गायक-वादक आणि रेकॉर्ड काढणारे यांचे पैसे येतात गेफाउएल या दुसऱ्या संस्थेकडून. ज्याचं नाव रचनेवर नाही, त्याला रेडिओवरच्या प्रत्येक वाजण्यातला रचनेचा हिस्सा मिळत नाही. अशा बँडला दौरे करावेच लागतात, आणि दौऱ्यावर तिकीट विकलं जातं ते बँडच्या नावावर. निर्मात्याच्या नावावर अरेना भरत नाही.

कोरसताई

आतापर्यंत कोणी शब्दांना हात लावला नाही. मला खरी अडचण तिथं वाटते. बार्बाडोस, मेक्सिको, ‘लोटोसब्लुमे’मधलं पौर्वात्य कमळ: गावं बदलतात, आत माणूस एकही नाही. सूर्य लाल, समुद्र निळा, मुलगी वाट बघणारी. त्या बेटांवर ऊस कोणी तोडला, तिथं आज कोण राबतं, याचा मागमूस नाही. ४७ वर्षं टिकणं हे गुणाचं लक्षण मानायचं असेल, तर इतक्या काळात नजर जराही रुंदावली नाही, हेही त्याच खात्यात मांडायला हवं.

खर्ज

@कोरसताई, हा आक्षेप मला मान्य आहे. त्यावर पांघरूण घालणार नाही. फक्त तो एकट्या फ्लिपर्सवर टाकू नका. दूरदेशाच्या ओढीला जर्मनमध्ये ‘फेर्नवे’ असा शब्दच आहे, आणि श्लागर त्यावर कितीतरी आधीपासून जगत आलंय. ‘काप्री-फिशर’ हे १९४३ चं गाणं युद्धानंतरच्या ढिगाऱ्यांत घरोघरी गायलं गेलं, कारण काप्रीला जाणं कोणालाच शक्य नव्हतं. १९८६ मध्ये बार्बाडोस कारखान्यातल्या कामगाराला तितकंच लांब होतं. गाणं बेटाबद्दल नाहीच, सुट्टी न मिळणाऱ्या माणसाबद्दल आहे.

कोरसताई

मग त्या माणसाबद्दलच लिहा ना! त्याची पाळी, त्याचं गाव, त्याचं न जाणं. तेच लिहिलं नाही, म्हणून तर मी म्हणते.

दुसरी बाजू

+१. आणि नाद? १९८६ नंतर तोही पंचवीस वर्षं जागचा हलला नाही. २०१३ मध्ये हेलेने फिशरच्या ‘आटेमलोस डुर्ख डी नाख्ट’नं श्लागरमध्ये क्लबचा ठोका आणला आणि तरुण परत आले. फ्लिपर्सच्या हातात त्याआधी दोन दशकं होती.

पांढरी पाच

नाद हलला नाही, कारण पावलं हलली नाहीत. डिस्कोफॉक्स नाचाची मूळ चाल तीन मात्रांची: पाऊल, पाऊल, टेकव. गाणं मात्र चार मात्रांचं. म्हणजे पाऊल आणि सम दर बारा मात्रांनी, तीन मात्राखंडांनंतर, पुन्हा भेटतात. नवख्याला हे अवघड जातं, म्हणून बास ड्रम प्रत्येक मात्रेवर सारखा पडावा लागतो, साधारण मिनिटाला ११० ते १३० ठोके. त्यात हौसेनं खटके किंवा अडीच मात्रांचे तुकडे घातले, की तीनची मोजणी सुटते आणि जोडी थांबते. ज्यांचा श्रोता शनिवारी संध्याकाळी नाचायला येतो, त्यांना ठोका बदलायची मुभा नसते. हेलेने फिशरच्या गाण्यातही बास ड्रम चारही मात्रांवरच आहे. बदलले ते वरचे थर.

हिशेबनीस

तरुणांबद्दल एक भर. ‘फ्लिपर्स’ या नावाच्या ४० वर्षांच्या निमित्तानं केलेलं ‘वीर जागेन डांके शोन’ (‘आम्ही आभार मानतो’) अलीकडे पार्ट्यांत आणि बिअरच्या तंबूंत विशीतली मुलं बेंबीच्या देठापासून गाताहेत. बँड थांबून एक तप उलटल्यावरची ही गोष्ट. डुर्बान २०१६ मध्ये गेले. मालोलेप्स्की ‘ओलाफ डेर फ्लिपर’ या नावानं एकटे गात राहिले.

दुसरी बाजू

ते गाणं मीही मानतो, आणि त्यात बेट नाही, समुद्र नाही. स्वतःच्या नावावर आणि प्रेक्षकांवर गाणं केलं, तेव्हा ते टिकलं. कोरसताईंचं म्हणणं यातूनच सिद्ध होतं.

तरी माझा मूळ प्रश्न उभा आहे, आणि तो कानानं तपासता येतो. १९६९ चं ‘क्लाइने एफा’ आणि १९८६ चं ‘बार्बाडोस’ हेडफोनवर लागोपाठ लावा. आधी फक्त बास ऐका, मग फक्त ड्रम. प्रत्येक ठोका कणभर वेगळा पडतो की घड्याळासारखा एकसारखा? मग @खर्ज, मला सांगा, दुसऱ्या गाण्यात नाचाच्या कार्यक्रमातला बँड नेमका कुठं ऐकू येतो.

खर्ज

आवाजात ऐकू येतो. ‘बार्बाडोस’मध्ये ठोका घड्याळाचा आहे, मान्य. आता बास-ड्रम सोडून फक्त ओळींच्या शेवटाकडे कान द्या. शब्द ठोक्यावर आपटत नाहीत. किंचित मागे रेलून बसतात, आणि पुढची ओळ मात्र अचूक वेळेवर उचलली जाते. हे संयोजकाला कागदावर लिहिता येत नाही.