झेडफोर की टीटी? आधी डिकीतली चटई उचला

घोडबंदर रोडला राहता, गाडी सोसायटीत उघड्यावर उभी राहणार आणि २०१२ ची बीएमडब्ल्यू झेडफोर घ्यावी की त्याच वर्षाची ऑडी टीटी, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: टीटी.

झेडफोर मनापासून आवडते मला. सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, आणि ते पत्र्याचं छत वीसेक सेकंदांत घडी होऊन डिकीत जातं. पण आपल्याकडचे पावसाचे चार महिने आठवा. छताच्या पन्हळींत पानं, धूळ साचली की पाणी वाट मिळेल तिथे शिरतं. गेल्या ऑगस्टमध्ये वाशीला एक बघायला गेलो होतो. पॉलिश चकाचक. डिकीतली चटई उचलली तर खालचा फोम पिळता येईल इतका ओला, बोल्टांवर गंज! मालक म्हणाला, गाडी कालच धुतली. मी तिथूनच परत फिरलो.

टीटी कूपेचं छत पक्कं, घडी होत नाही, त्यामुळे तिथे हे दुखणं नाही. क्वात्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी असेल तर ओल्या रस्त्यावर पकडही छान. मात्र त्या काळातली काही टू लीटर टीएफएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनं ऑइल पितात, म्हणून मालकाला वरून किती ऑइल घालावं लागतं ते नक्की विचारा. गिअरबॉक्स आणि हॅल्डेक्सचं (क्वात्रोत मागच्या चाकांना ताकद पोचवणारा क्लच) ऑइल बदलल्याची बिलं मागा, तोंडी आश्वासन चालणार नाही. मागची सीट फक्त दप्तरापुरती.

दिल्लीची गाडी असेल तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरूनच भाव करा. बघायला भर पावसातच जा.