सर्जनशीलता मोठी की नवोन्मेष? किर्लोस्करांच्या नांगरावरून एक चर्चा

वाणिज्यवाला

उद्योगधंद्याविषयीच्या आपल्या लिखाणात ‘सर्जनशीलता’ आणि ‘नवोन्मेष’ हे शब्द जुळ्या भावांसारखे वावरतात. एकाला हाक मारली की दुसरा ओ देतो. मला यात केवळ भाषेची ढिलाई दिसत नाही, धंद्याचे नुकसानही दिसते. सर्जनशीलता म्हणजे नवे काही सुचणे. नवोन्मेष म्हणजे सुचलेले ते घडवून, परवडेल अशा किमतीत गिऱ्हाइकापर्यंत पोचवून त्याच्या रोजच्या वापरात रुजवणे. पहिलीला एक डोके आणि एक निवांत दुपार पुरते. दुसऱ्याला भांडवल, कारागीर, विक्रेते आणि पहिले गिऱ्हाईक येईपर्यंत तग धरण्याची चिकाटी लागते. म्हणून माझे विधान असे, की धंद्याच्या वहीत सर्जनशीलतेला स्वतंत्र खातेच नसावे.

उदाहरण घरचेच घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे कडबा कापण्याची यंत्रे केली आणि मग लोखंडी नांगर हाती घेतला. नांगराची कल्पना त्यांची नव्हती. अमेरिकेत जॉन डिअर यांनी पोलादी फाळाचा नांगर १८३७ सालीच केला होता. लक्ष्मणरावांपुढचा प्रश्न वेगळा होता: लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिले नांगर दोन वर्षे गिऱ्हाइकावाचून पडून राहिले, असे सांगतात. तरीही ते मागे हटले नाहीत आणि १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज आपण त्यांचे नाव घेतो ते नांगर सुचला म्हणून नव्हे, खपवून दाखवला म्हणून.

शब्दवेल्हाळ

व्याख्या नीटस आहे, पण आपण बोलावलेला साक्षीदार आपल्याच विरुद्ध बोलतो आहे. लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. रंग ओळखण्यातल्या दोषामुळे त्यांना ती सोडावी लागली, ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. हा माणूस वाणिज्याच्या पेढीवरून आलेला नाही. परक्या मातीसाठी घडलेले अवजार आपल्या काळ्या रानासाठी, आपल्या बैलजोडीच्या ताकदीसाठी आणि गावच्या लोहाराला दुरुस्त करता येईल असे करायचे, तर पायरीपायरीवर नवे सुचावेच लागते. आपण ज्याला ‘खपवणे’ म्हणता, त्याच्या पोटात अशा शंभर लहान कल्पना असतात. त्या मोठ्या आवाजात बोलत नाहीत, इतकेच.

आणि खपवण्याचेच म्हणाल, तर १९२० साली याच कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ काढले. कारखान्याच्या मालाची ओळख करून देण्यासाठी निघालेले ते पत्र शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली मराठीतले नावाजलेले मासिक झाले. हे कोणत्या खात्यात टाकणार, विक्रीच्या की प्रतिभेच्या?

शब्दाचेही थोडे सांगतो, कारण तो माझा जुना आजार आहे. संस्कृत काव्यशास्त्रात प्रतिभेची व्याख्याच ‘नवनवोन्मेषशालिनी प्रज्ञा’ अशी केलेली आहे. इनोव्हेशनला प्रतिशब्द हवा म्हणून आपण त्या समासातून ‘नवोन्मेष’ उचलला आणि आता त्याच प्रतिभेला वहीबाहेर बसा म्हणतो आहोत.

रोकडा_सवाल

व्युत्पत्तीने पगार होत नाहीत, त्यामुळे मी वाणिज्यवाला यांच्या बाजूने. कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा केला. वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्र ०.०१ मेगापिक्सेलचे, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. म्हणजे भविष्य त्यांच्याच टेबलावर येऊन बसले होते. परंतु कंपनीचा नफा फिल्ममध्ये होता, त्यामुळे त्या टेबलावरून दुकानाच्या फळीपर्यंतचा रस्ता कोणी मनापासून बांधला नाही. कोडॅकने पुढे डिजिटल कॅमेरे विकले, पेटंटचे पैसेही मिळवले, हे मान्य; तरी २०१२ साली दिवाळखोरीच्या न्यायालयाची पायरी चढावी लागली ती चुकली नाही. प्रतिभेची वाण नव्हती. अडले ते पुढच्या कामापाशी.

उलट_तपासणी

कोडॅकवरून फार तर इतकेच सिद्ध होते, की कल्पना एकटी पुरत नाही. ती लागत नाही, असे कोठे सिद्ध होते? दुसरी एक अमेरिकन कंपनी पाहा, थ्रीएम. स्पेन्सर सिल्व्हर हा रसायनतज्ज्ञ १९६८ साली जबरदस्त चिकटणाऱ्या डिंकाच्या शोधात होता आणि हाती आला तो जेमतेम चिकटणारा, ओढला की सुटणारा डिंक. त्याचे करायचे काय, हे कोणालाच कळेना. १९७४ साली त्याच कंपनीतला आर्ट फ्राय चर्चच्या गायनवृंदात गात असताना भजनांच्या पुस्तकातली खुणेची चिठ्ठी सारखी गळून पडते म्हणून वैतागला आणि त्याला तो डिंक आठवला. पिवळ्या चिठ्ठ्यांचा जन्म असा झाला. १९७७ साली दुसऱ्याच नावाने चार शहरांत विकून पाहिल्या, तेव्हा लोकांनी ढुंकून पाहिले नाही. मग बॉईसी शहरात कचेऱ्यांना फुकट वाटल्या, तेव्हा कारकुनांच्या हाताला त्यांची सवय लागली, आणि १९८० पासून त्या अमेरिकाभर मिळू लागल्या.

यात किती वेळा कोणाला काय सुचले ते मोजा. डिंक सुचला, म्हणजे चुकला. त्याचा उपयोग सुचला. आणि फुकट वाटण्याची युक्ती सुचली. आपल्या वहीत सहा वर्षे पडून राहिलेला डिंक केवळ खर्च म्हणून दिसला असता आणि पहिल्याच ताळेबंदाला कोणीतरी तो मोरीत ओतला असता. थ्रीएमने माणसांना कामाच्या वेळेपैकी १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांवर घालवण्याची मुभा दिली होती. ते आपण नाकारता तेच खाते आहे, नाव वेगळे इतकेच.

जुना_सेटर

थोरामोठ्यांच्या कंपन्या झाल्या, आता शॉपमधले सांगतो. मी २० वर्षे कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये सेटर, म्हणजे कामाआधी यंत्र लावून देणारा, होतो. ड्रिलिंगच्या एका फिक्स्चरमध्ये (भोक पाडताना जॉब, म्हणजे घडवायचा भाग, धरून ठेवणाऱ्या साच्यात) जॉबची जागा ठरवणाऱ्या लोकेटिंग पिनच्या बुडाशी चिप, म्हणजे धातूचा कीस, अडकायची, जॉब केसभर तिरका बसायचा आणि भोक तिरके जायचे. प्रत्येक जॉबनंतर एअरगनने जागा साफ करणे हा अधिकृत उपाय होता, आणि रात्रपाळीत तो हमखास राहून जाई. आमच्या एका ऑपरेटरने जेवणाच्या सुट्टीत हँड ग्राइंडरने पिनभोवतीच्या पॅडला तिरकी खाच पाडली. कूलंटची, म्हणजे काम थंड ठेवणाऱ्या द्रवाची, धार यायची आणि चिप खाचेतून वाहून जायची. रिजेक्शन थांबले. साहेबांनी पाठ थोपटली आणि सूचना योजनेत त्याला स्टीलचा डबा मिळाला. (असे दोन डबे माझ्या घरातही आहेत, एकात रवा असतो.)

सहा महिन्यांनी ऑर्डर वाढली आणि टूलरूममधून दुसरे फिक्स्चर आले. त्याला खाच नव्हती, कारण ते जुन्या ड्रॉइंगवरून केले होते. तोपर्यंत ऑपरेटरची बदली झाली होती. नवा मुलगा बसला आणि पुन्हा तिरकी भोके सुरू झाली.

मला दोन्ही बाजू अर्ध्याअर्ध्याच पटतात. खाच सुचली ही सर्जनशीलता, आणि ती ड्रॉइंगवर चढली असती तर त्याला नवोन्मेष म्हणता आले असते. पण वाणिज्यवाला यांनी भांडवल, विक्रेते वगैरे जी यादी दिली, त्यातले इथे काहीही लागणार नव्हते. एक फॉर्म आणि तीन सह्या लागणार होत्या.

वाणिज्यवाला

सेटरसाहेब, आपल्या प्रतिसादाने मला विचार करायला लावले. माझी यादी मोठ्या मालाची होती, हे कबूल. मात्र आपले उदाहरण मी माझ्याच पारड्यात टाकतो: खाच पडूनही कारखाना जिथल्या तिथे राहिला. आपल्याकडे अशा खाचांना ‘जुगाड’ म्हणून कौतुकाने मिरवतात आणि ड्रॉइंग बदलण्याचा कंटाळा त्या कौतुकाखाली झाकला जातो, ही माझी मूळ तक्रार होती.

उलट_तपासणी यांचा डिंक मला तितकासा पटत नाही. तो एक डिंक आपल्याला माहीत आहे, कारण त्याचे पुढे काही झाले. ज्यांचे काही झाले नाही असे डिंक किती कपाटांत वाळून गेले, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. तरीही ‘खातेच नसावे’ हे विधान मी मागे घेतो. खाते असावे, पण कच्च्या मालाचे.

शब्दवेल्हाळ

कच्चा माल बाहेरून विकत आणता येतो, नाही आवडला तर व्यापारी बदलता येतो. ती खाच त्या फिक्स्चरवर रोज आठ तास उभ्या असलेल्या माणसालाच सुचू शकत होती. डबा देऊन त्याची बदली केली, त्या दिवशी कारखान्याने माल नव्हे, खाणच हलवली. पुढची खाच पाडायला तो आता उत्सुक असेल का, हेही विचारून पाहा.

वाणिज्यवाला

तेच विचारतो. सेटरसाहेब, पुढे दुसऱ्या फिक्स्चरला खाच पडली का?

जुना_सेटर

पडली, पण ग्राहकाच्या ऑडिटमध्ये तिरकी भोके सापडल्यावर. ऑडिटर समोर उभा असताना एका दुपारीत तिन्ही सह्या झाल्या. ड्रॉइंगवर आता रिव्हिजन ‘बी’ आहे आणि बदलाच्या कारणाच्या रकान्यात ‘चिप बाहेर जाण्यासाठी खाच’ असे लिहिलेले आहे. ‘तयार करणारा’ या रकान्यात डिझाइन विभागातल्या एका साहेबांची सही आहे. ऑपरेटरला मी ते ड्रॉइंग दाखवले, तेव्हा त्याने खाचेचा कोन बोटाने मोजल्यासारखा केला आणि म्हणाला, पाच अंश कमी धरलाय, चिप पुन्हा अडकणार.