कमकुवत ब्रेकची कंपनीची गाडी घाटात उतरवावी का?

प्रश्न (चालक, नाशिक):
मी एका वाहतूक कंपनीचा दहाचाकी ट्रक चालवतो आणि मुंबईकडे जाताना भरलेली गाडी कसारा घाटातून उतरवावी लागते. अलीकडे ब्रेकच्या टाकीत हवा भरायला फार वेळ लागतो, ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते आणि मागचे दोन टायर झिजून पार गोटा झाले आहेत. सुपरवायझरना सांगितले की "पासिंग झाले आहे, ही ट्रीप होऊ द्या" एवढेच उत्तर मिळते. नकार दिला तर गाडीवरून उतरवतील, ही भीती आहे. काय करावे?

प्रतिसाद (फिटर):
गाडी डावीकडे ओढते, याचा अर्थ बहुधा उजव्या बाजूचा ब्रेक कमी पकडतो आहे. स्लॅक अ‍ॅडजस्टर (लायनर आणि ड्रममधले अंतर जुळवणारा भाग) ढिला असेल किंवा हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) सील गळून लायनर (ब्रेकची घासणारी पट्टी) तेलकट झाले असेल. हवेची गळती तुम्हालाही तपासता येईल. सपाट जागी चाकांना दगड लावा, टाकी भरल्यावर इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरा आणि गेजचा काटा घसरत राहतो का ते पाहा. दोष निघाला तर भरलेली गाडी घाटात नेऊ नका, आणि डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये तर कधीच उतरवू नका, कारण मग इंजिनाचा आधार सुटून सगळा भार तापलेल्या लायनरवर येतो.

प्रतिसाद (वकील):
पासिंग म्हणजे तपासणीच्या दिवशी गाडी योग्य होती एवढाच दाखला. पुढच्या झिजेची हमी त्यात नसते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 190 नुसार दोष ठाऊक असताना धोकादायक गाडी चालवणारा आणि ती चालवू देणारा, असे दोघेही दोषी ठरतात. त्यामुळे "शेठनी सांगितले" हा तुमचा बचाव नाही, मात्र तुमची लेखी तक्रार मालकाला दोष माहीत होता याचा पुरावा ठरते. गाडीचा क्रमांक, तारीख आणि टायरची छायाचित्रे सुपरवायझर व मालक या दोघांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि ते संदेश जपून ठेवा.

प्रतिसाद (चालक, कोल्हापूर):
वकीलसाहेबांचे बरोबर आहे, पण एकट्याने लिहिणाऱ्याचीच गाडी आधी काढून घेतात, हे आम्ही पाहिले आहे. त्याच गाड्या आलटून पालटून चालवणाऱ्या सर्वांनी एकाच पत्रावर सह्या करा आणि "कामाला नकार नाही, दुरुस्तीनंतर लगेच निघतो" हे वाक्य त्यात आवर्जून लिहा.