त्याच पैशात नवी कोरी बेस मॉडेल, की वापरलेली वरच्या दर्जाची?

घाटवळण

भाच्याला पहिली मोटारसायकल घ्यायची आहे आणि घरात दोन तट पडलेत. ताई-भावोजींचं म्हणणं, बेस मॉडेल का होईना, पण नवी कोरी घे. भाच्याची नजर त्याच पैशात मिळणाऱ्या, चार वर्षं वापरलेल्या आणि एक पायरी वरच्या गाडीवर. वापर म्हणाल तर रोज कामावर जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर, आणि सुट्टी जोडून आली की लांबचा पल्ला.

मी उघड उघड भाच्याच्या बाजूचा आहे. बेस मॉडेल म्हणजे काय, तर किंमत खाली आणण्यासाठी कंपनीने जिथे जिथे कात्री चालवली ती गाडी. मागे डिस्कऐवजी ड्रम. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक, म्हणजे जाम, होऊ न देणारी यंत्रणा) ड्युअल चॅनलऐवजी सिंगल चॅनल, म्हणजे फक्त पुढच्या चाकापुरतं. अजून खाली उतरलात तर नुसतं सीबीएस: मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो, पण चाक लॉक व्हायचं ते होतंच. सीट, आरसे, हेडलाइट या गोष्टी पुढेमागे बदलता येतात. एबीएस नंतर बसवायचं तर चाकावरची दातेरी रिंग, सेन्सर, मॉड्युलेटर, वायरिंग, सगळंच घालावं लागतं. कोणी शहाणा मेकॅनिक त्या फंदात पडत नाही. फ्रेम आणि सस्पेन्शनचं तेच. जे नंतर घेता येत नाही ते आधी घ्यावं, एवढंच माझं गणित.

आणि एबीएस ही चैन नाही. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांनी चालवलेल्या संस्थेने एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांची तुलना केली, तेव्हा जीवघेण्या अपघातांचं प्रमाण एबीएसवाल्यांत सुमारे २२ टक्क्यांनी कमी आढळलं.

राहिला घसारा. नवी गाडी पहिल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जास्त किंमत गमावते. तो फटका आधीच्या मालकाने खाल्लेला आहे, आपण कशाला खायचा?

विरोधी मतं येऊ द्यात. फक्त "नवी ती नवी" एवढ्यावर थांबू नका.

उनाड

नवी ती नवी.

(पळतो.)

हिशोबनीस

विरोधी मत घ्या. गाडीची किंमत उतरते, तिच्या स्पेअरची उतरत नाही. अख्खा धागा या एका वाक्यावर संपायला हवा, पण संपणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

समजा वरची गाडी नवी असताना बेसच्या दुप्पट किमतीची होती. आज ती अर्ध्यात मिळतेय म्हणून तुम्ही खूश. पण तिचा मागचा टायर रुंद रेडियल आहे, तो आजही दुप्पट किमतीच्या गाडीच्याच भावाने मिळतो. चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेट, ब्रेक पॅड, सगळ्याचं तसंच. लिक्विड कूल्ड असेल तर कूलंट, होस, थर्मोस्टॅट, पंखा ही जास्तीची बिऱ्हाडं. दोन सिलिंडर असतील तर प्लग दोन, व्हॉल्व्ह दुप्पट, आणि टॅपेट सेटिंगची मजुरी विचारूच नका. दोन्ही गाड्यांना खर्च येणार हे खरं, पण बेसला तो उशिरा येतो आणि लहान येतो.

वेळही बघा. चार वर्षं म्हणजे नेमका तो काळ, जेव्हा बॅटरी, टायर, चेन आणि फोर्कचे (पुढच्या शॉकअपचे) ऑइल सील सगळे मिळून रजेचा अर्ज टाकतात. पहिल्या मालकाने गाडी का विकली याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं.

घसाऱ्याचा मुद्दा मान्य, पण अर्धाच. कर्ज काढून घेणार असाल तर वापरलेल्या गाडीला व्याज सहसा जास्त लागतं आणि मुदत कमी मिळते. वॉरंटी नाही. ते मॉडेल मध्येच बंद झालं असेल, तर एका इंडिकेटरसाठी महिनाभर गाडी उभी.

कागदवाला

हिशोबनीसांना +१. आणि घाटवळण, "वापरलेली वरची" म्हणजे एबीएस आलंच, असं धरून चालू नका. युरोपात १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलांना ते २०१६ पासून सक्तीचं झालं. भारतात याच गटातल्या नव्या मॉडेलांना एप्रिल २०१८ आणि त्या गटातल्या विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या चांगल्या दमदार गाड्या बाजारात भरपूर फिरतात, आणि त्यांत एबीएस हा जास्तीचे पैसे मोजून घ्यायचा प्रकार होता. म्हणजे इंजिन मोठं, वेग मोठा, आणि ब्रेक साधा. त्यापेक्षा सिंगल चॅनलवाली नवी बेस कैक पटीने बरी.

कागदांत दोनच गोष्टी आधी बघा: फ्रेमवर ठोकलेला चासी नंबर कागदाशी अक्षर-न्-अक्षर जुळतो का, आणि आधीच्या मालकाचं कर्ज पूर्ण फिटल्याचं लेखी आहे का. दुसरी गोष्ट तोंडी ऐकून सोडून देणारे फार भेटतात.

घाटवळण

कागदवाला, वर्षाचा मुद्दा एकदम बरोबर. आम्ही बघतोय त्या गाड्या अलीकडच्या आहेत, ड्युअल चॅनलवाल्या.

हिशोबनीस, स्पेअरचं पटतं. पण तुम्ही "वरची" म्हणताना थेट दोन सिलिंडरवर उडी मारलीत. बेस दीडशे सीसीची धरली तर एक पायरी वर म्हणजे दोनशे-अडीचशेची एक सिलिंडरवाली. तिचा टायर अंमळ रुंद, बाकी मजुरीत फरक किरकोळ. तुम्ही समोर राक्षस उभा करून त्याच्याशी भांडताय.

सावकाश

माझा आक्षेप वेगळाच आहे. पैसे बाजूला ठेवा. पहिली मोटारसायकल आहे ना त्याची?

नवशिक्या पोराला जड, ताकदवान गाडी देऊन "ब्रेक चांगले आहेत" म्हणणं मला झेपत नाही. पहिल्या वर्षात गाडी बहुतेक वेळा पडते ती हळू वेगात: वळवून लावताना, उतारावर पाय टेकताना, वाळूवर पुढचा ब्रेक कचकन दाबल्यावर. तिथे पंधरा-वीस किलो कमी वजन जेवढं कामी येतं तेवढं दुसरं काही नाही. आणि हलकी बेस गाडी पडली तर लिव्हर वाकतो, इंडिकेटर तुटतो. फेअरिंगवाली (बाजूंना प्लास्टिकचं आवरण असलेली) पडली की एका बाजूचं प्लास्टिकच बदलावं लागतं.

बेस मॉडेल म्हणजे नुसती कात्री, हेही एकांगी आहे. ड्रम ब्रेक बंदिस्त असतो, धूळ-चिखल फारसा आत जात नाही, अधूनमधून नट आवळला की झालं. तारांच्या चाकाला ट्यूब लागते आणि पंक्चरला वैताग येतो, कबूल. पण मोठ्या खड्ड्यात ते वाकतं आणि सरळ करून घेता येतं. अलॉयला तडा गेला तर चाक फेकायचं.

मागचीसीट

कोणी मागे बसणाऱ्याचा विचार करणार आहे का? वरच्या गाड्यांची मागची सीट म्हणजे उंचावर ठेवलेली पाट्यासारखी फळी, धरायला दांडी नाही. नवरा कौतुकाने "स्प्लिट सीट" म्हणतो. बेस मॉडेलची सलग लांब सीट आणि मागची लोखंडी दांडी यापुढे तुमचं ते अपसाइड डाउन फोर्क गेलं खड्ड्यात. भाच्याच्या मागे कोणी बसणार असेल तर तिला किंवा त्याला आधी बसवून बघा म्हणावं.

स्पॅनर

मी दोन्ही प्रकारच्या गाड्या रोज उघडतो, त्यामुळे कुठल्याच बाजूचा नाही. जुनी की नवी यापेक्षा "ही जुनी कशी आहे" हा प्रश्न मोठा. एकाच वर्षाच्या एकाच मॉडेलच्या दोन गाड्या येतात. एक अजून दहा वर्षं धावेल अशी, दुसरी आतून संपलेली. बघायला जाल तेव्हा एवढं करा.

मालकाला आधीच सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिला हात इंजिनला लावा. गरम असेल तर थंडपणी ती कशी सुरू होते ते लपवलंय, असं समजा. परत दुसऱ्या दिवशी जा.

मीटरवरच्या आकड्यावर जाऊ नका. तो मागे फिरवता येतो, किंवा अख्खा मीटरच बदलता येतो. त्यापेक्षा टायर वाचा. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. आता गाडी २०२१ ची, मीटर म्हणतो दहा हजार, आणि टायर २०२४ चे असतील, तर विचारायचं की दहा हजारांत दोन्ही टायर कसे संपले? एक वेळ मागचा लवकर जातो, पण पुढचा साधारण त्याच्याहून बराच जास्त टिकतो. मग ब्रेकची डिस्क बघा. तिच्यावर कमीत कमी जाडीचा मिलिमीटरमधला आकडा कोरलेला असतो. काठावर नख फिरवा. पॅड जिथे घासतात तिथे खोलगट होऊन बाहेरच्या कडेला ठळक पायरी लागली, तर ती गाडी दहा हजारांची नाही. फूटरेस्टचं रबर आणि गियर लिव्हरचं टोक हे आणखी दोन साक्षीदार, त्यांना खोटं बोलता येत नाही.

अपघात झालाय का ते रंगावरून कळत नाही, रंग कोणीही मारतो. हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवा. जिथे ते अडतं तिथे फ्रेमवर एक छोटा ठोकळा असतो. तो चेपलेला, वाकलेला किंवा नव्याने वेल्डिंग केलेला दिसला तर सरळ घरी या. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवलं आणि मधोमध एक खाच लागल्यासारखं वाटलं, तर कोनसेट, म्हणजे हँडलची बेअरिंग, गेलाय. तो बदलता येतो, घासाघीस करायला बरा मुद्दा.

चेन एकाच जागी नाही, चाक फिरवत चार ठिकाणी दाबून बघा. एके ठिकाणी ताठ आणि एके ठिकाणी सैल लागली तर सेट संपलाय. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला झुकून टोकदार झाले असतील तर तेच.

"फार चालवली नाही, उभीच असते" हे ऐकून खूश होऊ नका. उभी गाडी आतून खराब होते. टाकीत गंज धरतो, बॅटरी मरते, सील कडक होतात, ब्रेक ऑइल ओलावा शोषतं. ते ऑइल न चालवताही दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि ते बदललेल्या शंभरातल्या किती हे मला विचारू नका.

हिशोबनीस

स्पॅनर, दंडवत. पण तुमच्या प्रतिसादाने माझाच मुद्दा भक्कम केलात. हे सगळं बघता येणारा माणूस सोबत असेल तर वापरलेली घ्यावी. पहिली गाडी घेणाऱ्या पोराला डिस्कवर नख फिरवून काय कळणार? नव्या गाडीला हे ज्ञान लागत नाही. तिची किंमत जास्त असते ती याचीच.

स्पॅनर

नव्याला ज्ञान लागत नाही, हे कोणी सांगितलं? पहिली सर्व्हिस चुकवून वॉरंटी घालवलेली नवी गाडी आणि पहिल्या हजार किलोमीटरांत पिळून काढलेलं नवं इंजिन, दोन्ही माझ्याकडे येतात.

चौथागियर

तुम्ही सगळे दोनच दारं उघडी आहेत असं धरून भांडताय. त्याच बेस मॉडेलचा वरचा व्हेरिएंट दोन वर्षं वापरलेला बघा ना! इंजिन तेच, स्पेअर त्याच भावात, वजन जवळपास तेच, आणि ड्युअल चॅनल एबीएस, मागे डिस्क, ट्यूबलेस टायर. हिशोबनीसांचा स्पेअरचा आक्षेप गळला, सावकाशांचा वजनाचा गळला. मागचीसीट यांना तीच लांब सीट.

घाटवळण

हे सुचवणं आवडलं, पण भाच्याला नाही आवडलं. त्याला लांबच्या पल्ल्यावर सहावा गियर हवाय. लहान इंजिन मोठ्या रस्त्यावर सतत वरच्या आरपीएमला किंचाळत राहतं आणि हाताला मुंग्या येतात, हे त्याचं म्हणणं खोटं नाही.

सावकाश

लांबचा पल्ला वर्षातून किती वेळा, आणि कामावर किती वेळा? गाडी रोजच्या रस्त्यासाठी घ्यावी. लांब जायचंच असेल तेव्हा तासाभराने उतरून पाय मोकळे करावेत, हात आपोआप ठीक होतात.

उनाड

सावकाश, तुमच्या नावाला जागलात.

घाटवळण

कर्जाचे हप्ते भरताना कोणी रोजच्या रस्त्याची स्वप्नं बघत नाही हो. वीस-बावीस वर्षांच्या मुलाने सहा वर्षं एकच गाडी चालवायची, तर ती त्याला बघूनच चालवावीशी वाटली पाहिजे. हा मुद्दा हिशोबात बसत नाही म्हणून तो खोटा ठरत नाही.

बाकी, काल एक बघून आलो. २०२१ ची, मीटरवर अकरा हजार. स्पॅनरांचं ऐकून टायर वाचले. मागचा २०२४ चा. पुढचाही.

स्पॅनर

पुढचा टायर कशाने तरी कापला गेला असू शकतो, एवढा संशयाचा फायदा देऊ. टायरचं बिल मागा, त्यावर बऱ्याचदा किलोमीटर लिहिलेले असतात. सर्व्हिसच्या नोंदी मागा. इंजिनला हात लावलात का?

घाटवळण

लावला. कोमट होतं. "आत्ताच सावलीत आणून लावली" म्हणाले. बिलं नाहीत, नोंदवही "घर बदलताना हरवली". ही यादीतून गेली. बाजू मात्र मी सोडलेली नाही, रविवारी दुसरी बघायची आहे.

हिशोबनीस

बघा जरूर. जाण्याआधी त्या मॉडेलचा चेन सेट, दोन्ही टायर आणि क्लच प्लेट यांचे भाव विचारून ठेवा, आणि तो आकडा मागितलेल्या किमतीत मिळवूनच नव्या बेसशी तुलना करा. बेरीज तरीही खाली आली, तर मी इथे येऊन भाच्याला शुभेच्छा देईन.

मागचीसीट

आणि मागे कोणाला तरी बसवून बघा!