मदत हवी आहे : सीडीवरून फ्लॅक फाइल केल्या, पण आवाज सीडीसारखा येत नाही

माळावरचा_अंबाजोगाई
वडिलांच्या शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या सीडी आहेत, कपाटभर. प्लेअरची लेन्स आता धरत नाही, निम्म्या वेळा 'नो डिस्क' दाखवतो. तो पुरता बसायच्या आत सगळं हार्ड डिस्कवर घ्यायचंय. लॉसलेस म्हणजे सीडीच्या तोडीस तोड असं सगळीकडे वाचलं म्हणून फ्लॅक केल्या. पण तो आवाज नाही. तानपुरा मागं गेलाय, खर्ज पोकळ लागतो, तबल्याची चाट नुसती टकटक वाजते. वडील ऐकल्या ऐकल्या म्हणाले, "हे ते नाही." त्यांचा कान पक्का आहे.
फ्लॅक सोडून दुसरा कुठला फॉरमॅट घेऊ? वेव्ह? एएलएसी? नेमकं सांगा. अर्धं कपाट उरकलंय, पुढचं काम अडून बसलंय.

खर्जषड्ज
सीडी कुठल्या सॉफ्टवेअरनं काढल्या? आणि फाइल वाजवता कशावर? हे कळल्याशिवाय कुणालाच काही सांगता येणार नाही.

तबकडीप्रेमी
सीडी आणि फ्लॅक दोन्ही सोडा. आमच्याकडे दमदमच्या कारखान्यात छापलेल्या एचएमव्हीच्या रेकॉर्डी आहेत, अजून वाजतात. सुई खाचेतून फिरते, मधे आकडे नाहीत, तुकडे नाहीत. गायकाचा श्वास ऐकू येतो. वडिलांना एकदा रेकॉर्ड ऐकवा, मग कुठलाच फॉरमॅट विचारणार नाहीत ते.

माळावरचा_अंबाजोगाई
रेकॉर्ड प्लेअर घ्यायचा नाहीये हो. ज्या सीडी आहेत त्या वाचवायच्या आहेत.
@खर्जषड्ज, लॅपटॉपवर काढल्या. फ्लॅकच आहेत, एकेका मोठ्या रागाची फाइल दोनशे एमबीच्या पुढं जाते. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर दोन्ही वेळेला तेच. म्हणजे फरक फॉरमॅटचाच झाला ना?

इलेक्ट्रॉनिक्सवाला_जालना
फॉरमॅटचा नाही. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा, डावीकडचे वेगळे, उजवीकडचे वेगळे. सगळं मिळून सेकंदाला १४११ किलोबिट. फिलिप्स आणि सोनीनं १९८० मध्ये हे ठरवलं आणि आजही तेच आहे. फ्लॅक हेच आकडे कमी जागेत बसवतो, साधारण निम्म्या ते साठ टक्के जागेत, आणि वाजवताना जसेच्या तसे परत देतो. कडब्याची पेंढी आवळून बांधली म्हणून त्यातली काडी कमी होत नाही, तसं आहे हे. तुम्ही वेव्ह घ्या, एएलएसी घ्या, ॲम्प्लिफायरला तेच आकडे मिळणार. फाइलमध्येच मूळ आवाजाची एमडीफाइव्ह खूण (आकड्यांचा जणू अंगठ्याचा ठसा) असते, ती तपासून खात्री करता येते.
एमपीथ्रीचं वेगळं. ती आकडे टाकून देते, टाकलेलं परत येत नाही. तुमच्या काही सीडी दुकानातून 'भरून घेतलेल्या' असतील, तर त्या मुळात एमपीथ्रीवरून भरलेल्या असू शकतात. स्पेक नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा. आवाजात कुठल्या पट्टीपर्यंत काय आहे त्याचं चित्र दिसतं. ते १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीनं कापल्यासारखं सपाट तुटलं, तर तो बहुतेक १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीचा माल आहे.

माळावरचा_अंबाजोगाई
सगळ्या मूळ कंपनीच्या आहेत. पुस्तिकेसकट.

लाइटीचा_माणूस
भाऊ, ते आकडे राहू द्या, आधी लाइट बगा. आमच्या गावाकडं उन्हाळ्यात मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज १७० वर येतंय. तवा कोणता ॲम्प्लिफायर चांगला वाजंल? मी स्टॅबिलायझर बसवला अन् नीट अर्थिंग करून घेतली, घूं घूं आवाज पार गेला. तुमचं बी तेच होयलंय, लिहून घ्या.

इलेक्ट्रॉनिक्सवाला_जालना
अर्थिंग हवीच, लाइटीची ५० हर्ट्झची घरघर बऱ्याचदा तिनं जाते. पण व्होल्टेज पडलं तर सीडीही तशीच वाजेल. यांची सीडी चांगली वाजते, फाइल वाजत नाही. दोन्हीला एकच लाइट आहे.

लाइटीचा_माणूस
सीडी सकाळी ऐकली अन् फाइल रात्री ऐकली तर? त्यांनी कुठं सांगितलंय कधी ऐकली ते?

हायरेझ_संभाजीनगर
मी तीन-चार वर्षांपासून २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या फाइल ऐकतोय. सीडीच आता जुनी झाली. १६ बिटांत मिंड तुटते, श्रुती हरवतात. आपलं संगीत सूक्ष्म स्वरांचं आहे, त्याला जास्त नमुने लागतात. तुमच्या फ्लॅक २४/१९२ मध्ये कन्व्हर्ट करून बघा, ऑडॅसिटीत होतं.

इलेक्ट्रॉनिक्सवाला_जालना
कन्व्हर्ट करून काहीही मिळणार नाही, फक्त फाइल फुगेल. सीडीत जे नाही ते येणार कुठून? आणि श्रुतीचा नमुन्यांशी संबंध नाही. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झच्या नमुन्यांत २२ किलोहर्ट्झपर्यंतची प्रत्येक लहर पूर्ण बसते, मिंडेतला कुठलाही मधला स्वर सुद्धा. त्याला पायऱ्या नसतात. माणसाचा कान भर तारुण्यात २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, वयानुसार ते खाली येतं. १६ बिटांत ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. घरातला पंखा चालू असला की त्यातला खालचा बराच भाग तसाही बुडतो.
२००७ मध्ये मायर आणि मोरान यांनी अमेरिकेत चाचणी घेतली. हाय-रिझोल्यूशन डिस्कचा आवाज मधूनच सीडीच्या दर्जावर आणला आणि कुठला कुठला ते लोकांना ओळखायला लावलं. ५५४ पैकी २७६ वेळा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं.

हायरेझ_संभाजीनगर
तुम्ही अर्धंच सांगताय. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ राइस यांनी १८ चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला. ५२.३ टक्के वेळा लोकांनी फरक ओळखला आणि तो योगायोग नाही असं दाखवलं. कान तयार केलेल्या लोकांचा आकडा त्याहून वर होता. म्हणजे फरक आहे.

इलेक्ट्रॉनिक्सवाला_जालना
आहे, मान्य. पण शंभरात ५२ वेळा ओळखणं म्हणजे खर्ज पोकळ होणं नव्हे. यांच्या वडिलांना पहिल्या आलापात कळलं. इतका ढळढळीत फरक बिटांतून येत नाही.

खर्जषड्ज
मूळ प्रश्नाकडे या. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर तेच, हे कळलं. पण फाइल ॲम्प्लिफायरपर्यंत पोचते कशी?

माळावरचा_अंबाजोगाई
मोबाइलवरून, ब्लूटूथनं. ॲम्प्लिफायरच्या मागं छोटा रिसीव्हर लावलाय. त्याचा फॉरमॅटशी काय संबंध?

खर्जषड्ज
सगळा संबंध तिथंच आहे. ब्लूटूथ तुमची फ्लॅक तशीच पाठवत नाही. मोबाइल ती आधी उलगडतो, मग एसबीसी नावाच्या कोडेकमध्ये (आवाज दाबायची पद्धत, ही आकडे टाकून देते) पुन्हा दाबतो. त्याचा नेहमीचा वरचा दर सेकंदाला ३२८ किलोबिट. कुठे १४११ आणि कुठे ३२८. एलडॅक हा दुसरा कोडेक असेल तर ९९० पर्यंत जातो, पण मोबाइल आणि रिसीव्हर दोन्हीकडे तो असावा लागतो, आणि साध्या रिसीव्हरमध्ये तो सहसा नसतो. त्यापुढे आकड्यांचा आवाज करण्याचं काम तुमच्या सीडी प्लेअरमधल्या चांगल्या चिपऐवजी त्या इवल्याशा डबीतली चिप करते.
दुसरं, आणि माझ्या मते याहून मोठं. सीडी प्लेअर मागच्या लाल-पांढऱ्या पिनांतून साधारण २ व्होल्ट देतो. मोबाइल-रिसीव्हरची जोडी बहुधा त्याहून कमी देते. आवाज हळू झाला की कानाला सगळ्यात आधी खर्ज कमी लागतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. तुम्ही लिहिलेलं 'खर्ज पोकळ, तानपुरा मागं' हे वर्णन हळू वाजणाऱ्या आवाजाशी तंतोतंत जुळतं.
लॅपटॉपला यूएसबी डॅक (आकड्यांचा आवाज करणारी वेगळी डबी) लावा, नाहीतर निदान ३.५ एमएमची वायर थेट ॲम्प्लिफायरला जोडा. विंडोजमधले साउंड एन्हान्समेंट बंद करा. मग सीडी आणि फाइल दोन्हीचा आवाज सारखा करून वडिलांना न सांगता आलटून पालटून ऐकवा.

तबकडीप्रेमी
पाहा, केवढे सव्यापसव्य! रेकॉर्डला हे काही लागत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सवाला_जालना
रेकॉर्डला फोनो स्टेज (सुईचा क्षीण आवाज वाढवणारं सर्किट) लागतो, सुई बदलावी लागते, आणि आपल्याकडच्या धुळीत प्रत्येक वेळी पुसावी लागते. रेकॉर्ड ऐकावी, जरूर ऐकावी. पण सीडी वाचवायचा तो मार्ग नव्हे.

गोदाकाठ_नांदेड
कॅसेटचं कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. डेकचं हेड आधी स्पिरिटनं पुसा, मग लाइन-आउटमधून लॅपटॉपच्या लाइन-इनला घ्या, माइकच्या भोकात घालू नका. डॉल्बी (डेकमधली सरसर कमी करायची सोय) ज्या बटणावर रेकॉर्ड झालं त्याच बटणावर वाजवा. मी आकाशवाणी परभणीवरून टेप केलेल्या मैफली अशाच वाचवल्या. त्यातले काही स्थानिक गायक आज दुसरीकडे कुठेही ऐकायला मिळत नाहीत. ज्यांच्याकडे असं काही आहे त्यांनी थांबू नका, फीत उन्हाळ्यात चिकटते.

माळावरचा_अंबाजोगाई
वायर आणि डॅक लावून ऐकलं. बहुतेक सीडींचं काम झालं. दोन्हींचा आवाज सारखा केल्यावर वडिलांना फाइल कुठली, सीडी कुठली हे सांगता येईना, आणि ते स्वतःच म्हणाले की हे बरोबर आहे.
पण एक अडलंय. सतारीची एक सीडी, १९८० च्या दशकातली, जपानमध्ये छापलेली. प्लेअरवर ती गोड वाजते, फाइल मात्र वायरनंसुद्धा कर्कश. चिकारीच्या वरच्या तारा टोचतात. बाकी सगळ्या ठीक, हीच का?

खर्जषड्ज
फाइल काढताना सॉफ्टवेअर कुठलं होतं ते अजून सांगितलं नाहीत.

माळावरचा_अंबाजोगाई
एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी. सिक्युअर मोडवर.

खर्जषड्ज
उत्तम. मग ट्रॅकच्या यादीत 'प्री-एम्फसिस' असा एक रकाना असतो, त्यात त्या सीडीपुढे 'येस' आहे का बघा.
सीडीच्या सुरुवातीच्या काळात काही रेकॉर्डिंगांत वरच्या पट्टीतला आवाज मुद्दाम चढवून भरायचे, सगळ्यात वर जवळजवळ १० डेसिबलपर्यंत. डिस्कवर तशी खूण असते. प्लेअर ती खूण वाचतो आणि वाजवताना तेवढाच आवाज उतरवतो, त्यामुळे बारीक सरसर कमी होते. कॉपी करणारं सॉफ्टवेअर आकडे चढवलेलेच उचलतं. फाइलला ती खूण कळत नाही, म्हणून चिकारी टोचते. प्लेअर आणि फाइल यांच्यात आकडे सारखे असूनही आवाज खरोखर वेगळा येतो, तो या एका ठिकाणी.

हायरेझ_संभाजीनगर
हे मला नवीन आहे. काही सीडींत ती खूण यादीत दिसत नाही, ट्रॅकच्या आतल्या सबकोडमध्येच (आवाजासोबत भरलेली जादा माहिती) असते असं आत्ता वाचलं. खरंय का?

खर्जषड्ज
खरंय. म्हणून रकान्यात 'नो' आलं तरी कानाला टोचत असेल तर शंका ठेवावी.

माळावरचा_अंबाजोगाई
'येस' आहे. सगळ्या ट्रॅकला. आता फाइल दुरुस्त कशी करू?

इलेक्ट्रॉनिक्सवाला_जालना
सॉक्स नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात डीएम्फ हा इफेक्ट याच कामासाठी दिलाय. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलवर चालतो. मूळ फाइल पुसू नका. दुरुस्त केलेली वेगळ्या फोल्डरला ठेवा, नावात तसं लिहा. पुढच्या सीडी काढताना हा रकाना आधी बघायची सवय लावा, आणि शेवटी ॲक्युरेटरिपचा निकाल वाचा. तिथं इतरांनी काढलेल्या त्याच सीडीशी तुमचे आकडे जुळले की चरे-ओरखड्यांची शंका उरत नाही.

लाइटीचा_माणूस
म्हंजे अर्थिंगचा काहीच संबंध न्हवता?

इलेक्ट्रॉनिक्सवाला_जालना
या प्रश्नात नव्हता. पण लॅपटॉप चार्जरवर असताना डॅकमधून घरघर आली, तर पहिला सल्ला तुमचाच लागेल.

नवीन_सभासद_हिंगोली
नमस्कार, इथंच विचारतो. मी सीडीतल्या फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केल्या. नाव ट्रॅक ०१ डॉट सीडीए, साइज १ केबी. वाजत नाहीत. लॉसलेस आहेत का त्या?

खर्जषड्ज
त्यात आवाजच नाही. विंडोज दाखवतो ती ४४ बाइटांची नुसती खूण असते, कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो एवढंच सांगणारी. सीडी ड्राइव्हमध्ये घाला आणि वर लिहिलेल्या सॉफ्टवेअरनं काढा. सीडी आहेत ना अजून, की कुणाला देऊन टाकल्या?

नवीन_सभासद_हिंगोली
आहेत, भाच्याला न्यायला सांगितलं होतं. आत्ता फोन करून थांबवतो.