मदत हवी आहे: सेशेल्समध्ये बोटीवरून किनाऱ्यावर उतरणं आणि आईचे गुडघे

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत सेशेल्सला जातोय, माहे या तिथल्या मुख्य बेटावरून कॅटामरान (दोन तळांची बोट), सहा रात्री बोटीवरच, सात जण. बाकी सगळं ठरलंय, अडलंय ते क्युरियूझ बेटाच्या दिवसावर. स्किपर (बोटीचा कप्तान) म्हणतो डिंगीने, म्हणजे छोट्या रबरी होडीने, बे लारे किनाऱ्याला सोडतो, मोठी कासवं बघा, मग खारफुटीतल्या लाकडी वाटेने टेकाड ओलांडून पलीकडच्या आन्स सेंट जोसे किनाऱ्याला या, तिथे जेवण. पाऊण तास लागेल म्हणे. जेट्टी नाही, पाण्यातच उतरायचं.

आई ७२ वर्षांची, दोन्ही गुडघे बदललेत. सपाट रस्त्यावर रोज दोन किमी चालते, प्रश्न होडीचा आहे. गेल्या मे मध्ये देवबागला एक पाय वाळूत आणि दुसरा होडीत असताना लाट आली आणि ती बसलीच पाण्यात, गुडघे वाचले, चष्मा गेला, वर होडीवाला म्हणतो आजी उडी मारायची ना! तेव्हापासून धास्ती मलाच, तिला काही नाही. बोटीवरच थांब म्हटलं तर "एवढा समुद्र ओलांडून मी तुमचे टॉवेल राखत बसू का?"

तिला दोनच गोष्टी बघायच्यात, कासवं आणि दर्याई नारळ, तोही झाडाला लागलेला. लहानपणी दारावर येणाऱ्या फकिराच्या हातात त्याच्या करवंटीचा कटोरा असायचा म्हणून. तर तिला क्युरियूझला न्यावं का? कोणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलंय का?

प्रतिसाद १
आम्ही सासऱ्यांना घेऊन गेलो होतो. ती वाट चढउताराची आहे, दगड आहेत, आईंना चालवू नका. बे लारेला कासवं रेंजरांच्या घराजवळ सपाटीवरच फिरत असतात, मान खाजवली की गळा लांब करून उभी राहतात, तिथे आरामात तासभर जातो. मग बाकीच्यांनी चालावं आणि आईंना डिंगीने फिरवून पलीकडे आणायला सांगा. स्किपरशी आधीच बोला, ऐनवेळी नको.
उतरताना डिंगीच्या फुगीर कडेवर बसवायचं, दोन्ही पाय एकदम बाहेर फिरवायचे आणि मगच उभं राहायचं, एक पाय आत एक बाहेर कधीच नाही. देवबागला तेच चुकलं. पायात मागे पट्टा असलेले सँडल, चपला नकोत.

प्रतिसाद २
पाण्यात उतरायचंच नसेल तर ला डीग बेटावर ला पासची जेट्टी आहे, तिथून ल्युनियों इस्टेट या जुन्या नारळबागेपर्यंत रस्ता सपाट, आत कुंपणात तीच मोठी, अल्दाब्रा जातीची कासवं. सायकल नको, टॅक्सी मिळते. पुढे आन्स सूर्स दार्जां किनाऱ्याला प्रवाळामुळे मोठ्या लाटा काठापर्यंत येत नाहीत, आई पाय बुडवून बसतील. मुलांना मात्र त्याच बेटावरच्या ग्रँड आन्सला पोहू देऊ नका, पाण्याला ओढ फार आहे.
दर्याई नारळासाठी प्रास्लिन बेटावरचं व्हॅले द मे हे राखीव जंगल, बे सेंट आनच्या जेट्टीवरून टॅक्सी. वाटेत पायऱ्या आहेत, पण प्रवेशद्वाराजवळच ती झाडं दिसतात. विकत घ्यायचा मोह झाला तर परमिट असलेलाच घ्या, आणि बॅगेचं वजन बघा, नारळ चांगलाच जड असतो.

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार! ला डीग आणि प्रास्लिन पक्कं. क्युरियूझचं आईला वाचून दाखवलं तर म्हणे, "पाय एकदम फिरवायचे ना, मग त्यात काय." आता पलंगाच्या कडेवर बसून सराव चाललाय.