२०२७ च्या मोटोजीपी करारांच्या बातम्या: कोणती अफवा मानावी आणि कोणती सोडून द्यावी?

शेवटची_लॅप यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. २०२६ च्या अखेरीस मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या सर्वोच्च स्पर्धेतील बहुतेक फॅक्टरी रायडरांचे, म्हणजे मोटरसायकल बनवणाऱ्या कारखान्यांच्या स्वतःच्या संघांतील रायडरांचे, करार एकाच वेळी संपत आहेत. त्यातच २०२७ पासून इंजिन १००० सीसीवरून ८५० सीसीवर येणार, टायर मिशेलिनऐवजी पिरेलीचे असणार आणि मोटरसायकलची उंची कमीजास्त करणारी उपकरणे बंद होणार, त्यामुळे कोण कुठे जाणार याविषयीच्या बातम्यांना ऊत आला आहे. एकाच रायडरच्या बाबतीत सकाळी एका संघाचे नाव छापून येते, संध्याकाळी दुसऱ्याचे, आणि दोन्ही बातम्यांना आधार म्हणून फक्त ‘पॅडॉकमधील’ (शर्यतीच्या ठिकाणच्या संघांच्या तळावरील) ‘सूत्रे’ दिलेली असतात.

माझे दोन प्रश्न आहेत. एक म्हणजे, अशा बातम्यांत तथ्य आहे की नाही हे आपल्यासारख्या दूरच्या प्रेक्षकाने कशावरून ओळखावे? रायडरचे स्वतःचे बोलणे, कराराची मुदत, संघप्रमुखांचे खुलासे यांपैकी कशाला किती वजन द्यावे? दुसरा प्रश्न असा की, ८५० सीसीची कोणती मोटरसायकल चांगली निघेल हे आज कोणालाच माहीत नसताना रायडर नेमका कशाच्या भरवशावर दोन-दोन वर्षांची सही करतात? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पिटलेन यांचे उत्तर

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. माझ्या मते बातमी रायडरच्या नावापासून वाचू नये, जागेपासून वाचावी. मोटोजीपीच्या मैदानात २२ मोटरसायकली असतात आणि त्यांतल्या जिंकण्याजोग्या जागा हाताच्या बोटांवर मोजता येतात. तेव्हा ‘अमुक रायडर तमुक संघात’ असे वाचले की त्या जागेवर आज कोण बसला आहे, तो उठणार आहे का आणि उठला तर कुठे जाणार, हे आधी विचारावे. हा सगळा खो-खोचा खेळ आहे. एकाला खो मिळाल्याशिवाय दुसऱ्याला बसायला जागा होत नाही, आणि ज्या बातमीत ही साखळी जुळत नाही ती बहुधा कोणा मॅनेजरने भाव वाढवण्यासाठी सोडलेली असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे २०२४ चा इटलीतील मुजेलोच्या शर्यतीचा आठवडा. डुकाटीच्या फॅक्टरी संघात फ्रान्चेस्को बान्याया याचा करार आधीच वाढवलेला होता, म्हणजे जागा एकच शिल्लक होती आणि तिच्यावर डोळा ठेवून तिघे होते: डुकाटीच्याच मोटरसायकली वापरणाऱ्या प्रामाक संघाकडून धावणारा होर्हे मार्तिन, तशाच ग्रेसिनी संघाच्या वर्षभर जुन्या मोटरसायकलवर बसलेला मार्क मार्केझ आणि त्या जागेवर प्रत्यक्ष असलेला एनेया बास्तियानिनी. मार्तिनला वर घ्यायचे आणि मार्केझला ताजी मोटरसायकल देऊन प्रामाकमध्ये बसवायचे, अशी जुळणी होत असल्याचे जवळजवळ सगळीकडे छापून आले होते. मात्र मुजेलोला गुरुवारीच मार्केझने प्रामाकला जाण्याचा पर्याय आपल्यापुरता नाही, असे उघडपणे सांगितले आणि डुकाटीपुढे एकाला गमावण्याशिवाय मार्ग उरला नाही. रविवारी, २ जून रोजी शर्यत झाली, सोमवारी मार्तिनने एप्रिलियाशी करार केल्याचे जाहीर झाले आणि बुधवारी डुकाटीने मार्केझचे नाव जाहीर केले. पुढे बास्तियानिनी टेक थ्री संघाच्या केटीएम मोटरसायकलवर गेला, एप्रिलियातून मॅव्हरिक विन्यालेसही तिथेच आला, मार्को बेझेकी एप्रिलियात गेला आणि महिनाअखेरीस प्रामाकने तर डुकाटीच सोडून यामाहाची वाट धरली.

यातून रायडरचे कोणते बोलणे ऐकावे हेही कळते. ‘माझ्यापुढे अनेक पर्याय आहेत’ हे वाक्य प्रत्येक रायडर शर्यतीआधीच्या प्रत्येक गुरुवारी पत्रकारांना म्हणतो आणि त्याला काडीची किंमत नसते. पण एखादा रायडर स्वतःच्या हाताने एखादे दार बंद करतो, तेव्हा ते बोलणे त्याला अंगाशी येऊ शकते, म्हणूनच त्याला वजन असते. मार्केझने प्रामाकला नकार दिला तेव्हा फॅक्टरी संघातली जागा न मिळण्याचा धोका त्याने पत्करला होता.

ओला_ट्रॅक यांचे उत्तर

जागांची साखळी हा निकष मला मान्य आहे, पण कराराच्या मुदतीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण नवे प्रेक्षक नेमके तिथेच फसतात. या खेळात कराराचे शेवटचे वर्ष म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. मार्केझने २०२० च्या फेब्रुवारीत होंडाशी २०२४ पर्यंतचा चार वर्षांचा करार केला आणि २०२३ च्या अखेरीस, एक वर्ष शिल्लक असताना, तो परस्परसंमतीने बाहेर पडला. योहान झार्कोने २०१९ मध्ये केटीएमचा दुसऱ्या वर्षाचा करार सोडून दिला आणि नंतर तर हंगाम पुरा होण्याआधीच त्याला मोटरसायकलवरून उतरावे लागले. विन्यालेसने २०२१ मध्ये आसेनच्या शर्यतीनंतर हंगामाअखेर यामाहा सोडण्याचे ठरवले होते. पण ऑगस्टमध्ये मोटरसायकल अनियमितपणे हाताळल्याने इंजिनाला मोठी हानी पोहोचू शकली असती, असे कारण देऊन यामाहाने त्याला निलंबित केले आणि पुढच्या महिन्यात तो एप्रिलियावर दिसला.

याउलट २०२५ मध्ये मार्तिनचे प्रकरण झाले. २०२४ चे विश्वविजेतेपद जिंकून तो एप्रिलियात आला, सेपांगच्या चाचणीत जखमी झाला, परतल्यावर कतारमध्ये त्याहून गंभीर जखमी झाला आणि मग करारातील एका कलमाचा आधार घेऊन २०२६ आधीच बाहेर पडू पाहत होता. एप्रिलियाने मात्र करार २०२६ अखेरपर्यंत लागू असल्याची भूमिका घेतली, आणि स्पर्धा चालवणाऱ्या डोर्नाचे प्रमुख कार्मेलो एझपेलेता यांनीही, ज्याचा करार निर्विवादपणे मोकळा नाही अशा रायडरची नोंदणी स्वीकारली जाणार नाही, असे स्पष्ट केले. जुलैमध्ये बर्नोला पुनरागमन करताना मार्तिनने आपण राहत असल्याचे सांगितले. म्हणजे ज्या प्रकरणांत कारखान्यालाही रायडर नकोसा झाला होता किंवा त्याला अडवण्यात अर्थ वाटत नव्हता, तिथे करार सुटले. जिथे कारखाना अडून बसला, तिथे सुटला नाही. म्हणून मुदतीआधी बाहेर पडण्याची बातमी आली की रायडरची इच्छा बाजूला ठेवून कारखान्याला काय हवे आहे ते पाहावे.

आणि या चर्चेत कारखान्यांची बाजू घेण्याचेही कारण नाही, कारण ते स्वतः शब्द मोडतात तेव्हा त्यांना विचारणारे कोणी नसते. ॲलेक्स मार्केझ २०२० मध्ये होंडाच्या फॅक्टरी संघात आला. साथीमुळे हंगाम लांबला, आणि त्याने त्या वर्गातली पहिली शर्यत धावण्याआधीच पुढच्या वर्षी त्याच्या जागी पोल एस्पारगारो येणार असल्याचे जाहीर झाले. एका मुलाला एकही शर्यत न देता त्याचा निकाल लावला गेला, हे मला आजही अन्याय्य वाटते. त्यानंतरच्या काळात त्याने ग्रेसिनीच्या डुकाटीवर शर्यती जिंकल्या आणि २०२५ च्या विश्वविजेतेपदाच्या क्रमवारीत तो भाऊ मार्क याच्या पाठोपाठ दुसरा आला. सुझुकीनेही २०२६ पर्यंत स्पर्धेत राहण्याचा करार केलेला असताना २०२२ च्या अखेरीस गाशा गुंडाळला, आणि जोआन मीर व ॲलेक्स रिन्स या दोघांना ऐन हंगामात नवी जागा शोधावी लागली. रिन्सने सुझुकीची शेवटची शर्यत वॅलेन्सियाला जिंकून निरोप घेतला. त्या दिवशी त्या संघातील मेकॅनिकांचे चेहरे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना संघ बदलणे म्हणजे केवळ रंग बदलणे नव्हे हे वेगळे सांगायला नको.

गिअरबॉक्स यांचे उत्तर

दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळले नाही, म्हणून लिहितो. मोटरसायकल दिसत नसेल तर रायडर माणसांवर पैज लावतो, आणि माझ्या मते बातम्या वाचतानाही रायडरांपेक्षा अभियंत्यांच्या हालचालींवर नजर ठेवणे अधिक उपयोगाचे आहे. जिजी दाल’इन्या २०१३ च्या अखेरीस एप्रिलिया सोडून डुकाटीत गेले, तेव्हा त्या बातमीला रायडरांच्या बातम्यांइतकी जागा मिळाली नव्हती, पण पुढच्या दशकातले डुकाटीचे वर्चस्व त्या एका बदलीतून उभे राहिले. अलीकडे मास्सिमो बार्तोलिनी डुकाटीतून यामाहात गेले, रोमानो आल्बेसियानो एप्रिलियातून होंडात आणि फाबियानो स्टर्लाकिनी केटीएममधून येऊन एप्रिलियात. २०२७ च्या मोटरसायकली कागदावर उतरवणारी ही माणसे आहेत. रायडरच्या मॅनेजरला हे आपल्यापेक्षा चांगले कळते.

रायडर आणि मोटरसायकल जुळायला किती बारीक गोष्टी लागतात, हे होर्हे लोरेन्झोच्या बाबतीत दिसले. तो २०१७ मध्ये यामाहा सोडून डुकाटीत आला आणि पहिले पूर्ण वर्ष त्याला एकही विजय मिळाला नाही. जोरात ब्रेक लावताना शरीराचा सगळा भार हातांवर येत असल्याने शर्यतीच्या उत्तरार्धात तो थकत असे, आणि म्हणून इंधनाच्या टाकीचा आकार बदलून मांड्यांना व हातांना टेकायला आधार द्या, अशी त्याची मागणी होती. ती बदललेली टाकी २०१८ मध्ये मुजेलोला मिळाली आणि ३ जूनची शर्यत त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत पुढे राहून जिंकली. पण तोवर बोलणी फिसकटली होती आणि तीनच दिवसांनी होंडाने त्याला करारबद्ध केल्याचे जाहीर केले. त्याच हंगामात त्याने बार्सिलोना आणि ऑस्ट्रियाही जिंकले, आणि पुढच्या वर्षी होंडावर मात्र तो एकदाही पहिल्या दहांत येऊ शकला नाही. हंगामाअखेर त्याने निवृत्ती घेतली. टाकीचा तो तुकडा काही महिने आधी मिळाला असता तर पुढच्या दोन-तीन वर्षांची सगळी साखळी वेगळी झाली असती, असे मला ठामपणे वाटते.

पिटलेन यांच्या निकषात मला यासाठीच एक भर घालावीशी वाटते. जागा रिकामी आहे का, याबरोबरच रायडरसोबत त्याचा क्रू चीफ, म्हणजे त्याची मोटरसायकल सांभाळणाऱ्या मंडळींचा प्रमुख, जातो आहे का, हेही पाहावे. व्हॅलेंटिनो रॉसी २००४ मध्ये होंडातून यामाहात गेला तेव्हा त्याचे क्रू चीफ जेरेमी बर्जेस आणि त्यांची मंडळी सोबत गेली. पण माणसे सोबत नेली की यश मिळतेच, असेही समजू नये. हेच बर्जेस २०११ मध्ये रॉसीबरोबर डुकाटीतही गेले आणि दोन हंगामांत एकही विजय मिळाला नाही, कारण तिथे मोटरसायकलच हट्टी होती. केसी स्टोनर मात्र तीच डुकाटी सोडून होंडावर आला आणि त्याच वर्षी विश्वविजेता झाला.

रेव_मर्यादा यांचे उत्तर

वरील सर्व मान्य. केवळ एवढेच जोडतो की, सुपरबाइकच्या, म्हणजे बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटरसायकलींवर आधारलेल्या विश्वस्पर्धेच्या, बातम्याही वाचत जाव्यात, कारण तिथली साखळी छोटी असल्याने लवकर उलगडते. तोप्राक राझगातलिओग्लू यामाहा सोडून २०२४ साठी बीएमडब्ल्यूत जाणार हे २०२३ मध्ये जाहीर झाले, त्याच्या रिकाम्या जागेवर कावासाकीचा सहा वेळचा विश्वविजेता जोनाथन रे आला, आणि बीएमडब्ल्यूवर तोप्राकने २०२४ व २०२५ अशी दोन्ही विजेतेपदे जिंकली. २०२६ साठी तो प्रामाक यामाहातर्फे मोटोजीपीत येणार हेही नंतर खरे ठरले. त्याच्या मोटोजीपीतील आगमनाच्या बातम्या त्याआधी कित्येक वर्षे येत होत्या; त्या खऱ्या झाल्या त्या प्रामाकमध्ये जागा मोकळी करण्याची यामाहाची तयारी झाली तेव्हाच.

शेवटची_लॅप

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. एक शंका राहते. समजा एखाद्या रायडरचा नव्या संघाशी करार हंगामाच्या मध्यावरच जाहीर झाला, तर तो नव्या मोटरसायकलवर प्रत्यक्ष कधी बसू शकतो? आणि २०२६ मध्ये याने काही फरक पडेल का?

पिटलेन

करार साधारणतः ३१ डिसेंबरला संपतो, आणि तोवर जुन्या कारखान्याची परवानगी लागते. २००३ च्या अखेरीस होंडाने रॉसीला ती दिली नाही, त्यामुळे तो जानेवारीत प्रथमच यामाहावर बसला आणि तरीही एप्रिलमध्ये वेल्कमची पहिली शर्यत त्याने जिंकली. हल्ली हंगामातील शेवटच्या शर्यतीनंतरच्या चाचणीपुरती परवानगी सहसा मिळते. २०२३ मध्ये वॅलेन्सियाला मार्केझ ग्रेसिनीच्या मोटरसायकलवर बसला, पण होंडाचा करार चालू असल्याने त्याला बोलायची मुभा नव्हती. हेल्मेट काढल्यावरच्या हसण्यावरूनच सगळ्यांनी काय तो अर्थ लावला.

तुमच्या शंकेचा दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. २०२६ मध्ये कारखान्यांना १००० सीसीच्या शर्यती धावत असतानाच ८५० सीसीची मोटरसायकल घडवावी लागणार आहे. जो रायडर वर्षाअखेर प्रतिस्पर्ध्याकडे जाणार आहे, त्याला ती नवी मोटरसायकल चालवायला देऊन आपली गुपिते कोण कशाला त्याच्या हाती ठेवील? तेव्हा कोणता कारखाना आपल्या कोणत्या नेहमीच्या रायडरला ८५० च्या चाचणीत बसवतो आणि कोणाला बाजूला ठेवून चाचणी रायडरवर भागवतो, हे नीट पाहत राहा. सूत्रांच्या हवाल्याने आलेल्या दहा बातम्यांपेक्षा मी त्या एका यादीवर अधिक भरवसा ठेवीन.